पवईची विद्या पाड्यापर्यंत केव्हा पोचणार?

खरिपाची ई-पीक पाहणी सुरू झाली की डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या डोंगराळ भागात शेतकरी मोबाइल हातात धरून टेकाडावर चढताना दिसतात. पिकाचा फोटो शेतात काढायचा आणि रेंज टेकाडावर शोधायची, असा हा उद्योग आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची पद्धत आली. रेशन दुकानात अंगठा लावायचा यंत्रावर. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरील हजेरीही मोबाइलच्या ॲपवर सक्तीची झाली. म्हणजे पूर्वी तलाठ्याच्या आणि मुकादमाच्या वहीत जे होत होते, ते आता रेंज असेल तर होते. रेंज नसेल, तर शेतात पीक उभे असूनही कागदावर ते नसते.

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि पश्चिम रेल्वेचा रूळ यांच्या कडेला टॉवर भरपूर आहेत. घोलवड, बोर्डी, चिंचणी, वाणगाव येथील बागायतदाराला हा त्रास तितकासा जाणवणार नाही. पण आत सायवनकडे किंवा उधव्याकडे गेलं की चित्र पालटतं. एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे, दोन पाड्यांमध्ये डोंगराची सोंड, घरं विखुरलेली. कंपनीच्या हिशेबात टॉवरचा खर्च निघत नाही, म्हणून टॉवर येत नाही.

या प्रश्नावर आपल्याच जिल्ह्यात एक मोठे संशोधन झालेले आहे. आपल्याकडच्या अनेक सरपंचांना आणि ग्रामसेवकांना त्याची खबर नाही. पवईच्या आयआयटी मुंबई या संस्थेच्या विद्युत अभियांत्रिकी विभागाने ते केले. विद्युत अभियांत्रिकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वायरमन, डीपी आणि डहाणूचे औष्णिक वीज केंद्र येते. प्रत्यक्षात या विभागात बिनतारी संपर्क, मातीतला ओलावा मोजणारी उपकरणे आणि सौर पॅनेल अशा तिन्ही विषयांवर काम चालते. तिन्ही विषय थेट आपल्या बांधाशी येऊन भिडतात. म्हणून त्यांचा जरा सविस्तर विचार करू.

पडीक लहरींचा शोध

दूरदर्शनचे कार्यक्रम अँटेनावर दिसत होते, तेव्हा त्यासाठी ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा राखून ठेवलेला होता. या पट्ट्यात ८ मेगाहर्ट्झचा एक, असे १५ चॅनेल बसतात. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अभय करंदीकर, प्राध्यापक अनिमेष कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भाग वगळून देशाच्या चार विभागांतील दूरदर्शन प्रक्षेपकांची माहिती घेऊन हिशेब मांडला. १२० मेगाहर्ट्झपैकी सरासरी १०० मेगाहर्ट्झहून अधिक जागा रिकामीच पडून आहे, असे त्यात निघाले. नीट फेरवाटप केले तर दूरदर्शनचे तेवढेच काम १५ ऐवजी ४ चॅनेलमध्ये भागेल, असेही त्यांनी दाखवून दिले.

आपल्या भाषेत सांगायचे, तर सातबाऱ्यावर नाव आहे पण जमीन कोणी कसत नाही, तशी ही पडीक लहरींची जमीन. आणि जमीन तरी कशी, तर उत्तम प्रतीची. या लहरी लांब पल्ल्याच्या असतात. झाडांची दाटी आणि छोटे चढउतार यांना त्या फारशा दबत नाहीत. वाय-फायच्या नेहमीच्या लहरींना चिकूची एक दाट बाग आडवी आली तरी त्या लंगड्या होतात. खेड्यासाठी कोणत्या लहरी बऱ्या, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मग प्रयोगासाठी परवाना घेऊन या पट्ट्यावर चालणारी यंत्रणा पालघर तालुक्यात उभारली गेली. खामलोली, बहाडोली, ढुकटण या भागात हा प्रयोग झाला. बहाडोली म्हणजे तेच गाव, ज्याच्या जांभळाला पुढे २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एका ठिकाणी मुख्य केंद्र, तिथून काही किलोमीटरवरच्या पाड्यांत खांबावर अँटेना आणि त्याखाली वाय-फायचा डबा, अशी साधी रचना होती. या कामाचा लेख जुलै २०१६ मध्ये आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या मासिकात छापून आला. लेखकांच्या यादीत प्राध्यापकांबरोबर विभागातील तरुण संशोधकांची नावे आहेत. त्यांपैकी मेघना खतुरिया यांनी पुढे याच विषयात पीएच.डी. केली.

‘ग्राममार्ग’ला जागतिक बक्षीस

या सगळ्या कामाचे नाव ‘ग्राममार्ग’. त्यात तंत्रज्ञानाइतकाच व्यवहाराचा विचार होता, आणि तो भाग आपल्या सरपंचांनी नीट वाचावा असा आहे.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची केबल नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. पण केबल येते ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत. तिथून पुढे पाड्यापर्यंतचे दोन-चार किलोमीटर कोण पार करणार? कालव्याचे पाणी मुख्य कालव्यात आले, पण पोटचारी नाही, अशातला हा प्रकार. सूर्या प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला ही अडचण वेगळी समजावून द्यायला नको.

‘ग्राममार्ग’ने ही पोटचारी बिनतारी काढली. ग्रामपंचायतीपासून पाड्यापर्यंत लहरी आणि पाड्यात वाय-फाय. जिल्ह्यातील २५ गावांत अशी जोडणी केली गेली. चालवायचे कसे, तर सरकार, खासगी सेवादार आणि पंचायत यांची भागीदारी. गावातलाच एखादा तरुण ही सेवा सांभाळेल, लोकांना माफक दरात विकेल आणि पंचायतीची त्यावर देखरेख राहील, अशी ती कल्पना होती. मार्च २०१७ मध्ये मोझिला या जागतिक संस्थेने भरवलेल्या स्पर्धेत ‘ग्राममार्ग’ला पहिला क्रमांक आणि १ लाख २५ हजार डॉलरचे बक्षीस मिळाले. पालघरच्या पाड्यांवर झालेल्या कामाने जगात पहिला नंबर काढला, याचा जिल्ह्याला अभिमान वाटायला हवा.

घोडे अडले कुठे?

आता कडू भाग. दूरदर्शनच्या पट्ट्यातील रिकाम्या लहरी प्रयोगासाठी मिळाल्या, पण व्यापारी वापरासाठी सरकारने त्या खुल्या केल्या नाहीत. पडीक जमीन पडीकच राहिली. त्यामुळे पुढच्या टप्प्यात पथकाला ५.८ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त लहरींकडे वळावे लागले. या लहरी फुकट, पण त्यांना दोन खांबांमध्ये नजर थेट पोचावी लागते. मध्ये डोंगर नको, झाड नको. सपाट भागात हे जमते. तलासरीच्या उंचसखल भागात खांबांची संख्या वाढते, आणि त्याबरोबर खर्चही.

मधल्या काळात २०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक जुने प्रक्षेपकही बंद झाले. त्याच वर्षी झालेल्या लिलावात या पट्ट्याच्या लगतच्या ६०० मेगाहर्ट्झच्या लहरी सरकारने विक्रीला काढल्या, तर एकाही कंपनीने बोली लावली नाही. म्हणजे कंपन्यांना नको, दूरदर्शनला लागत नाहीत आणि गावाला मिळत नाहीत! धोरणाच्या पातळीवरचा हा प्रश्न आहे. आपल्या आमदार-खासदारांनी तो विचारावा, इतका तो आपल्या जिल्ह्याशी निगडित आहे.

दुसरी अडचण कोणत्याही प्रयोगाची असते. प्रयोगाला मुदत असते. विद्यार्थी पदवी घेऊन पुढे जातात, प्राध्यापकांवर नव्या जबाबदाऱ्या येतात. करंदीकर हे २०१८ मध्ये आयआयटी कानपूरचे संचालक झाले आणि २०२३ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव. हे योग्यच झाले. पण गावातल्या खांबावर वीज पडली, बॅटरी उतरली, उंदराने वायर कुरतडली, तर तिकडे कोण जाणार? हातपंप बसवणारा आणि हातपंप दुरुस्त करणारा हे दोघे वेगळे असतात. दुसऱ्याची सोय केली नाही, की पंप गंजतो. तंत्रज्ञान कितीही उंचीचे असले तरी हा नियम त्यालाही लागू आहे.

तरीही काम वाया गेले असे म्हणता येणार नाही. पालघरच्या अनुभवातून याच विभागाने खेड्यासाठी काटकसरीच्या ५-जी जाळ्याची रचना मांडली. शहरातले जाळे धावत्या गाडीतल्या माणसाला सांभाळण्यासाठी बांधलेले असते. ते महाग पडते आणि वीजही जास्त खाते. खेड्यात इंटरनेट वापरणारा बहुधा घरी, शाळेत, दुकानात किंवा शेतात एका जागी असतो. मग धावत्या गाडीचा खर्च त्याच्या माथी का? लांब पल्ल्याचा एक मोठा टॉवर आणि पाड्यापाड्यात वाय-फाय, गरज नसेल तेव्हा यंत्र झोपलेले, असा तो आराखडा आहे. ६ जून २०२४ रोजी आयईईईने हा आराखडा २०६१ क्रमांकाचे जागतिक मानक म्हणून मंजूर केला. मानक म्हणजे अजून माल नव्हे. पण मानक झाले की वेगवेगळे कारखाने एकमेकांशी जुळणारी यंत्रे काढू शकतात आणि भाव उतरतो. ट्रॅक्टरचा नटबोल्ट कुठल्याही दुकानात मिळतो तो मापे ठरलेली असल्यामुळेच.

माती किती तहानलेली आहे?

दुसरे काम आम्हा शेतीवाल्यांच्या जास्त जवळचे आहे. याच विभागातील प्राध्यापक मरियम शोजाई बघिनी, प्राध्यापक रामगोपाल राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मातीतला ओलावा मोजणाऱ्या स्वस्त उपकरणांवर अनेक वर्षे काम केले. त्यातील एक पद्धत गमतीची आणि समजायला सोपी आहे. मातीत दोन सुया शेजारी शेजारी रोवायच्या. एकीला क्षणभर विजेने ऊब द्यायची आणि दुसरी किती तापते ते मोजायचे. रिकामा तवा चुलीवर चटकन तापतो, पाण्याने भरलेला हंडा लवकर तापत नाही. तसेच मातीचे. कोरडी माती लगेच तापते, ओली माती उशिरा. त्या फरकावरून पाणी किती आहे ते निघते.

या प्रयोगशाळेत पीएच.डी. केलेल्या राजुल पाटकर यांनी पुढे ‘प्रॉक्सिमल सॉइलसेन्स’ ही कंपनी काढली. आयआयटीच्याच उद्योग केंद्रात ती वाढली आणि तिला केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे पाठबळ मिळाले. मातीचा ओलावा, मातीचे तापमान, हवेची आर्द्रता आणि तापमान मोजून मोबाइलवर कळवणारे ‘सॉइलसेन्स’ हे यंत्र तिने बनवले. विद्यार्थ्याचा प्रबंध कपाटात न राहता बांधावर आला, ही गोष्ट लहान नाही.

आपल्याकडे याचा उपयोग कुठे? घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण पाणी देण्याची रीत बहुतेक बागांत अजून अंदाजाचीच आहे. चिकूची अन्न घेणारी मुळे बहुतांश वरच्या थरात असतात. पाणी जास्त झाले की ते मुळांखाली निघून जाते आणि बरोबर खतही नेते. वाणगाव पट्ट्यातल्या मिरचीत जादा पाण्याने मर आणि मूळकूज येते, हे प्रत्येक बागायतदार जाणतो. आणि किनाऱ्याच्या गावांत विहिरीतून बेसुमार उपसा केला, तर गोड्या पाण्याची जागा खारे पाणी घेते. तेव्हा पाण्याची एक पाळी वाचली तर डिझेल वाचते, वीज वाचते आणि विहीरही वाचते.

पण यंत्र घेण्यापूर्वी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, यंत्राचा आकडा मातीनुसार बदलतो. किनाऱ्याची रेताड जमीन आणि तलासरीची वरकस जमीन यांना एकच आकडा लावू नये. आपल्या मातीवर जुळवून घेतल्याशिवाय यंत्रावर भरवसा टाकू नये.

दोन, यंत्र मुळांच्या कक्षेत, ठिबकच्या ओल्या पट्ट्यात बसवावे. बांधाच्या कडेला शोभेसाठी बसवले तर ते बांधाचीच बातमी देईल. जमल्यास वीतभर आणि हातभर अशा दोन खोलींवर ओल पाहावी.

तीन, शेतातील यंत्राची नोंद म्हणजे विम्याचा पुरावा नव्हे. हवामान आधारित फळपीक विम्यात चिकूसाठी आर्द्रता आणि पाऊस धरले जातात, ते महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवरून. आपल्या यंत्राचा उपयोग पाण्याचा निर्णय घेण्यापुरता. हे आधीच स्पष्ट असलेले बरे.

चार, दहा-वीस गुंठ्यांच्या शेतकऱ्याने एकट्याने यंत्र घेण्याच्या भरीस पडू नये. एका प्रकारच्या जमिनीवरील आठ-दहा शेतकऱ्यांच्या गटाने मिळून एक बसवावे. तेही शक्य नसेल तर जुनी रीत आहेच. वीतभर खोलीची माती मुठीत दाबावी. गोळा होऊन हाताला ओल लागली तर पाणी थांबवावे, गोळा फुटला तर द्यावे. यंत्र या मुठीला अधिक नेमके करते, मुठीला रजा देत नाही.

आणि इथेही पुन्हा रेंजचा प्रश्न येतोच. मातीची खबर मोबाइलवर यायची, तर शेतात संपर्क हवा. म्हणजे लहरींचे संशोधन आणि मातीचे संशोधन एकाच साखळीच्या कड्या आहेत. एक कडी तुटली की दुसरी लोंबकळते.

पॅनेल बसले, टिकणार किती?

तिसरे काम सौर ऊर्जेचे. आयआयटी मुंबईत २०१० मध्ये सौर विजेचे राष्ट्रीय संशोधन व शिक्षण केंद्र स्थापन झाले. विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक जुझर वासी, प्राध्यापक बी. जी. फर्नांडिस यांच्यासारखे जाणकार त्यात होते. या केंद्राने राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेबरोबर २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ साली देशभर फिरून प्रत्यक्ष बसवलेली पॅनेल तपासली. निष्कर्ष डोळ्यांत अंजन घालणारे होते. थंड प्रदेशापेक्षा उष्ण प्रदेशात पॅनेल लवकर थकतात. मोठ्या प्रकल्पांपेक्षा छोट्या जोडण्यांतील पॅनेलची अवस्था वाईट. कारण छोट्या कामात माल निवडताना आणि बसवताना हयगय होते. वाहतुकीत आपटल्याने आत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात.

आपल्याकडे आता शेतात सौर पंप दिसू लागले आहेत. २०२४ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा ५ टक्के ठेवला गेला. जमीन अडीच एकरांपर्यंत असेल तर ३ अश्वशक्तीचा आणि पाच एकरांपर्यंत असेल तर ५ अश्वशक्तीचा पंप, आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी. योजना चांगली. पण हिस्सा ५ टक्के असला तरी पॅनेल १०० टक्के आपले असते. ते गाडीतून उतरवताना मालकाने हजर राहावे. पॅनेलवर कोणालाही पाय ठेवू देऊ नये. ताडाची किंवा शिंदीची सावली एका कोपऱ्यावर जरी पडली तरी पूर्ण ओळीची वीज घटते, म्हणून जागा दिवसभराचे ऊन पाहून ठरवावी. वीटभट्टीची धूळ बसत असेल तर सकाळी थंड वेळी साध्या पाण्याने धुवावे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. किनाऱ्याच्या गावांत खाऱ्या हवेने सांगाडा गंजतो, तो वर्षातून एकदा तपासावा. हमीचा कागद घरात नीट ठेवावा आणि बसवल्याची तारीख त्यावर लिहून घ्यावी.

आता आपण काय करायचे?

पवईपासून डहाणू सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. संशोधन आपल्या जिल्ह्यात झाले, नाव जगात झाले, पण डहाणू-तलासरीच्या बहुतेक पाड्यांना त्याचा वारा लागलेला नाही. याचा सगळा दोष संशोधकांवर टाकता येणार नाही. नवी वाट दाखवणे हे त्यांचे काम, ते त्यांनी केले. त्या वाटेवर मुरूम टाकणे हे शासनाचे आणि पंचायतीचे काम आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमाला १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यात ग्रामपंचायतीच्या पुढे, मागणी असेल त्या गावांपर्यंत जोडणी नेण्याची तरतूद आहे. ‘मागणी असेल त्या’ हे शब्द अधोरेखित करावेत. मागणी कागदावर नसेल तर केबल शेजारच्या पंचायतीत जाईल.

म्हणून ग्रामसभेत तीन ठराव व्हावेत. पहिला, कोणत्या पाड्यात कोणत्या कंपनीची रेंज येते, कुठे येत नाही, याची पाडावार यादी करावी. शाळेचे गुरुजी, अंगणवाडी सेविका आणि दोन तरुण यांनी बसून केली तर दोन दिवसांचे काम आहे. दुसरा, ग्रामपंचायतीत आलेली केबल चालू आहे की बंद, आणि बंद असेल तर केव्हापासून, याची लेखी नोंद गटविकास अधिकाऱ्यांकडे द्यावी. तिसरा, पाड्यापर्यंत जोडणीची मागणी पाड्यांच्या नावानिशी करावी आणि ती चालवायला गावातला कोण पुढे येतो, त्याचे नाव ठरवावे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पेसाखाली येतात. ग्रामसभेच्या शब्दाला इथे कायद्याने वजन आहे. ते वापरले तर वजन, नाही तर कागद. पेसाच्या ५ टक्के अबंध निधीतून खांब, बॅटरी असा खर्च बसतो का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नियम पाहून ग्रामसभेला सांगावे.

संशोधन संस्थेचे लोक पुढे कधी आपल्या पंचायतीत प्रयोग घेऊन आले, तर त्यांचे स्वागत जरूर करावे. पण हार घालण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. प्रयोग किती वर्षांचा? संपल्यावर यंत्र कोणाच्या मालकीचे? आणि बिघडल्यावर फोन कोणाला करायचा? या तिन्हींची उत्तरे लेखी मिळाली, तर प्रयोग गावाचा होतो. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रानेही ओलाव्याच्या यंत्रांची चाचणी इथल्या मातीत घेऊन आकडे शेतकऱ्यांपुढे ठेवले, तर पुष्कळ संभ्रम दूर होईल.

आणखी एक. तलासरीच्या किंवा कासा भागाच्या आश्रमशाळेत आज जी मुले विज्ञान शिकतात, त्यांच्यातून कोणी तरी त्या विभागात शिकायला गेले पाहिजे. टेकाडावर चढून रेंज शोधण्याचा त्रास ज्याने सोसला आहे, त्याला यंत्र बसवल्यानंतर दुरुस्तीचे काय, हा प्रश्न आपोआप सुचेल. दहावी-बारावीच्या मुलांना पवईच्या प्रयोगशाळा एकदा दाखवून आणण्याचा विचार शाळांनी आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने करावा. गाडीभाड्यापलीकडे त्याला मोठा खर्च नाही.